नानीछोरीच्या बॅटऱ्यांवरचा पहारा

काठमांडूतल्या थापाथलीच्या चढावर टेम्पो पुन्हा बसला, आणि नानीछोरी महर्जनची खात्रीच झाली. हे बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या डंबरचंच काम!

ऑफिसला निघालेले प्रवासी कुरकुरत उतरले, ढकलू लागले. मागून नवी मायक्रोबस आली. तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली, "दिदी, घोडं उपाशी आहे का? गवत तरी घाला!" सगळा रस्ता हसला. भरल्या प्रयोगात वाक्य अडकावं तसं नानीछोरीचं तोंड झालं.

याच ड्रायव्हरला तिने आदल्या दिवशी चार्जिंगच्या आवारात डंबरबरोबर चहा पिताना पाहिलं होतं. दोघं खिदळत होते, आणि ती दिसताच गप्प झाले. का गप्प झाले?

धूर ओकणारे डिझेलचे टेम्पो काठमांडूतून नुकतेच हद्दपार झाले होते. त्यांच्या जागी हे पांढरे, विजेवरचे, मांजरीच्या पावलांनी चालणारे टेम्पो आले आणि ते चालवायला बायका बसल्या. नानीछोरीचा नवरा गेल्यावर तिने गालिच्याच्या कारखान्यात बोटं सोलून घेतली होती. टेम्पो शिकणाऱ्या बायकांच्या तुकडीत तिने नाव घातलं, तेव्हा साऱ्या टोलाने, अख्ख्या आळीने, नाकं मुरडली. एक सासू तेवढी तिच्या बाजूने उभी राहिली. वाट्याचं शेत विकून तिने सुनेला टेम्पो घेऊन दिला. "म्हातारीला वेड लागलंय," लोक म्हणाले. आता टेम्पो निकामी झाला, तर सुनेला पुन्हा गालिचा आणि म्हातारीला जन्मभर टोमणे.

प्रत्येक टेम्पोला बॅटऱ्यांचे दोन जोड. सकाळचा जोड दुपारी आवारात काढायचा, भरलेला दुसरा आत सरकवायचा. काढलेला जोड मग डंबरच्या ताब्यात. दशईं, म्हणजे दसरा, झाल्यापासून तिचा हा सकाळचा जोडच दम टाकत होता.

तिने बॅटऱ्यांच्या बुडाला नखाच्या लाल रंगाच्या खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर खुणा जागच्या जागी! याने दुसऱ्या कुणाचा संशय फिटला असता. नानीछोरी म्हणाली, म्हणजे पेट्या त्याच ठेवतो आणि आतलं काहीतरी काढून घेतो.

"डंबर दाजू, माझ्या बॅटऱ्यांत काय आहे?"

"मध आहे," डंबर तारा जोडता जोडता म्हणाला. "मालकीणबाई, जास्तीची माणसं कोंबता आणि चढाला बॅटरीच्या नावाने रडता."

"मायक्रोवाले काय देतात तुला?"

"चहा. तो पण बिनदुधाचा."

"थट्टा नको. साहूजींना सांगेन."

"सांगा. मलाही त्यांना काही सांगायचंय. तुमच्या बॅटऱ्यांना हल्ली कसलातरी आंबूस वास येतो. तुम्ही त्यांचं काय करता?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं मनाशी म्हणत ती सरळ आवाराच्या मालकाकडे, साहूजींकडे गेली. टेम्पो चालवणाऱ्या आणखी दोन बायकांनी तिच्या होला हो केलं. साहूजी म्हणाले, "पक्कं असेल तर शनिवारी डंबरला काढतो. पण तू डोळ्यांनी पाहिलंयस का?"

पाहिलं नव्हतं. म्हणून शुक्रवारी दुपारी जोड बदलल्यावर ती टेम्पो घेऊन निघाल्यासारखी निघाली. टेम्पो कोपऱ्यावर लावला आणि मागच्या दाराने आत शिरून रचलेल्या जुन्या पेट्यांच्या आड बसली. विंगेत उभ्या नटासारखी ती फटीतून पाहत राहिली. डंबरने तारा लावल्या, हात धुतले, जेवायला गेला. आवार रिकामं झालं.

मग पावलं वाजली. आली ती सासू.

सासू रोज दुपारी पोहे आणि भाजलेले सोयाबीन घेऊन यायची, सून गेल्यावर नळावर भांडी विसळायची. आज तिने शालीखालून लांब चोचीची पितळी झारी काढली, बॅटरीची झाकणं एकेक करून फिरवली, हात जोडले आणि बारीक धार सोडली. घरी काढलेल्या ऐलाचा, त्या कडक दारूचा, वास पेट्यांच्या आडोशापर्यंत आला.

"आमा! हे काय करताय?"

म्हातारी दचकली, पण धार मोडली नाही. "हळू बोल, भोग चाललाय. नवमीला सगळ्यांनी आपापल्या गाडीच्या इंजिनाला भोग चढवला. हिला इंजिनच नाही! मग ही खाते कुठून, कुणी विचारलं? मी बघितलं ना, तो डंबर या तोंडांतून पाणी पाजतो. कष्टाच्या जिवाला नुसतं पाणी! चढावर बसेल नाहीतर काय करेल?"

नानीछोरी पेट्यांच्या आडून बाहेर धावली. तेवढ्यात दारातून डंबर आणि साहूजी आत आले. डंबर उघड्या तोंडांवर वाकला, हुंगला आणि ताठ झाला.

"ऐला! साहूजी, बॅटरीत दारू! कुणी ओतली?"

म्हातारीने अभिमानाने मान वर केली. ती बोलली असती तर संध्याकाळपर्यंत साऱ्या टोलात पसरलं असतं, की शेत विकलं ते विकलं, वर टेम्पोही मारला. नानीछोरीने पुढे होऊन झारी आपल्या हातात घेतली.

"मी ओतली. दशईंपासून मीच ओततेय. डंबर दाजूचा काही दोष नाही."

साहूजींनी कपाळ धरलं. "आणि पहारा या बिचाऱ्यावर? हा जोड गेला, बाई. आता अर्धा दिवसच चालव." डंबरने झाकणं एकेक करून बंद केली.

घरी जाताना म्हातारी फणफणली, "पुण्य माझं, नाव तुझं?"

"आमा, गाडी प्यायलेली सापडली तर पोलीस मला धरतील."

"अगो बाई!" म्हातारीने कानाला हात लावला. पुन्हा तिने झारी आवारात आणली नाही.

त्यानंतर नानीछोरी उरलेल्या जोडावर फक्त दुपारनंतर चालवायची. रोज दुपारी जोड आत सरकवण्याआधी डंबर सगळ्यांदेखत एकेक झाकण उघडून हुंगायचा. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. ती हात बांधून उभी राहायची, शेवटचं झाकण बसेपर्यंत.

"हा माणूस रोज काय हुंगतो?" सासू कानाशी कुजबुजायची. "लक्ष ठेव हो याच्यावर. मला हा सरळ वाटत नाही."