सोडल्याची तारीख

हुबळीच्या इस्पितळात आमचे हे आयसीयूत होते. औषधांची यादी काढणारा नवा कॉम्प्युटर पहिल्याच नावावर, म्हणजे ह्यांच्यावर, अडला. दुरुस्तीला आलेला माणूस चपला दाराशी काढून, एका पावलावर दुसरं ठेवून कॉम्प्युटरपुढे बसला होता.

"पेशंटला सोडल्याची तारीख रिकामी आहे," तो म्हणाला. "ह्यातला ड्रायव्हर, म्हणजे माहिती वाचणारा प्रोग्राम, त्याला रिकामी जागा वाचता येत नाही."

"मग आजची घाला की," इस्पितळाचा कारकून म्हणाला. 

दुरुस्तीवाल्याने कीबोर्ड झटकन पोटाशी ओढला. "ब्याड री, ब्याड! नको! तारीख पडली की यादीतून नाव गळेल, मग औषध कुठून येणार? अक्का, रिकामी तारीख वाचायला मी ह्याला शिकवतो."

दुपारी यादी छापून आली. ह्यांच्या नावापुढे औषधं होती, तारखेची जागा कोरीच होती. माणूस घरी जावो की वारो, तारीख तिथेच पडायची. त्या कोऱ्या जागेवर मी अंगठा दाबून धरला.