देवाजीच्या बांबूच्या नळ्या

खालून आग चढत होती आणि देवाजीनं काडी ओढून आमच्या पुढचं गवत पेटवलं. त्याच गवतात त्यानं जगवलेली सगळी रोपं उभी होती. माय ओरडली, "अरे येड्या, तुयी झाडं जळून राह्यली ना!" तो म्हणाला, "जळू दे. तू इकडं ये." पुढचं गवत जळून जमीन काळी झाली तशी त्यानं तिला दंडाला धरून त्या गरम राखेवर ओढलं. मागोमाग मीही गेले. खालची आग तिथवर आली, पण तिला खायला काही उरलं नव्हतं...

देवाजी माझा धाकटा भाऊ. गेल्या महिन्यात म्हातारपणानं, अंथरुणात गेला. भेटायला येणारे त्याला देवमाणूस म्हणतात. त्यांनी त्याच्यासोबत एक उन्हाळा काढून पाहायला हवा होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतली ही गोष्ट. गावामागची टेकडी साग तोडून उघडी पडली होती, नुसता मुरूम आणि वाळकं गवत. तिथं रोप धरत नव्हतं. म्हणून हा बांबूच्या नळ्या कापायचा, खालच्या तोंडाला पळसाचं पान लावायचा, तलावाचा गाळ भरून बी टोचायचा आणि पावसाळ्यात अख्खी नळी टेकडीत पुरायचा. तलावाकाठी पाणी साचायचं, तर तिथं मातीचे उंचवटे करून जांभळं लावायचा. बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून काही बिया बोरीच्या काट्यांत टाकायचा आणि फाटलेला सदरा मला शिवायला आणून द्यायचा. माझं सासरही त्याच गावात, त्यामुळे सुटका नव्हती. पावसाळा येईपर्यंत सगळ्या नळ्या माझ्या चुलीजवळ.

मी विचारायची, "काऊन रे, टेकडी का आपल्या बापाची हाय?"

"बापाची असती तं बाई, कवाचीच विकून खाल्ली असती."

आमच्याकडे मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे फुलं साफ जमिनीवर पडतात. हा घरोघरी सांगत फिरायचा, जाळू नका, झाडा. माय म्हणायची, "माह्या कंबरेनं झाडू का तुह्या?" त्या दिवशी तिनं नेहमीसारखा पाला पेटवला. वारा फिरला, आग टेकडीला लागली. मग तीच ओलं पोतं घेऊन वर धावली... तोवर त्या रोपांना शिव्याच दिल्या होत्या तिनं. आम्ही दोघं तिच्यामागं.

तो तिला एका शब्दानंही बोलला नाही. बोलला असता तर तिलाही बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी बांबूची मोळी घेऊन माझ्या दारात उभा. "बाई, चुलीजवळची जागा रिकामी कर." पावसात त्यानं लावलेले काही साग बुंध्यातून पुन्हा फुटले, बाकीचं सगळं त्यानं नव्यानं लावलं.

त्याच्या शेवटच्या नळ्या अजून चुलीजवळ आहेत. येता-जाता पाय अडखळतो. फेकून द्याव्या म्हणते आणि पाणी घालते. त्या आगीतून आम्ही तिघं वाचलो होतो, माय, देवाजी आणि मी. आता मी एकटी आहे.