उतारावर गप्प झालेली गाडी

१४ नोव्हेंबर १९९८, शनिवार. आकाश निरभ्र. जैतुनाचा शेवटचा डबा भरला. चढावर गाडी आजही रडली, सपाटीला गप्प. दुपारी ओडेटच्या गुडघ्यांसाठी मृत समुद्रावर जाणे.

वदादबाईंनी वही मिटली. गाडी त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या वापरातली, ऑटोमॅटिक. ती रडू लागल्यापासून बाईंची झोप उडाली होती. शेजारच्या अबू फारेसने, नेहमीसारखी नबीलची आई म्हणून हाक मारत, उपाय सांगितला होता, "उम्म नबील, उतारावर न्यूट्रल टाका. पेट्रोल वाचतं, गिअरबॉक्सलाही विसावा. अख्खं मादबा गाव तेच करतं!"

दुपारी मृत समुद्राकडचा घाट उतरतानाही गाडी रडू लागली, तसं बाईंनी न्यूट्रल टाकलं. रडणं थांबलं.

"गेला बघ आवाज," अम्मानहून आलेली धाकटी बहीण ओडेट म्हणाली. "तू म्हणजे भित्री भागूबाई."

तिसऱ्या वळणावर जळकट वास आला. ब्रेक नेहमीपेक्षा खोल गेला. पुढच्या वळणावर आणखी खोल.

"ताई, हळू की गं!"

"मी हळूच करतेय, गाडी ऐकत नाहीये!"

ओडेटने डोळे मिटून जपमाळ धरली.

"डोळे उघड आधी! समोरून ट्रक येतोय का ते सांग!"

गिअर टाकावा तर तो भयंकर आवाज, न टाकावा तर दरी. बाईंनी दांडा खेचला, आधी ड्राइव्हवर, मग दोनवर. जोराचा हिसका बसला. गिअरबॉक्स असा किंचाळला की आता तुकडे पडणार असंच वाटलं. पण वेग उतरला. तीच किंकाळी ऐकत त्या पायथ्याशी पोहोचल्या.

तिथल्या गॅरेजच्या मिस्त्रीने इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी बाहेर काढली. टोकाला जेमतेम थेंब.

"तेल बंद गाडीत बघत होतात ना?"

"हे तसंच बघायचे."

"बंद गाडीत तेल खाली उतरतं, पट्टी भरलेली दिसते. तहानेनं ओरडत होती बिचारी. आणि न्यूट्रल कोणी शिकवलं? उतारावर गिअरनं गाडी धरायची, आजी. एकटा ब्रेक तापून सुटतो."

त्याने तेल भरलं, गळकं सील लवकर बदलायला सांगितलं, ब्रेक निवल्याशिवाय मात्र सोडलं नाही.

परतीच्या चढावर गाडी अगदी गप्प होती.

"ही आता बोलत का नाही?" ओडेटने दबक्या आवाजात विचारलं. मादबा येईपर्यंत दोघी कान देऊन बसल्या.

संध्याकाळी बाईंनी लिहिलं: गाडी गप्प आहे म्हणून ओडेट अम्मानला घरी जायला तीत बसेना. मुक्काम इथेच. पाहुण्यांच्या गादीला ऊन दाखवलेलं नव्हतं, तशीच अंथरली.