मंगीला दिलेली आठवण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. सानपाड्याला आमची एक खोली. अण्णा मार्केटात माथाडी, गाव साताऱ्याकडचं. मी मोठी, चौदाची. मंगी सात वर्षांची. आई तिला ‘माजी चिमणी’ म्हणायची. मला? ‘ए घोडे, हंडा उचल.’ तिच्या डोक्याला आई गुणगुणत तेल चोळायची. माझ्याकडे नुसती बाटली सरकवायची. हसाल तुम्ही. पण मला ते रोज टोचायचं. मंगीला ताप आला की मला बरं वाटायचं — एवढी मी वाईट होते.

त्या दुपारी मोरीशी मी कपडे धूत होते. मंगी शेजारी खेळायला गेलेली. साबणाचं पाणी फरशीवर पसरलं — पुसायचं राहिलं. राहिलं, की मी राहू दिलं? तिथे मी आजही अडखळते. आई घाईने आली, पाय सरकला, आणि ती आदळली. खुब्याचं हाड मोडलं. नंतर ती कधी सरळ चाललीच नाही.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, “पानी कुनी सांडलं?”

“मंगीनं,” मी म्हणाले. “फुगे करत होती.”

“मी न्हाई आक्का,” मंगी रडायला लागली.

तेव्हा भीतीने बोलले, असं म्हणता येईल. पण पुढे? पुढे रोज तिची वेणी घालताना मी तिला सांगायचे — तुझ्या अंगात लाल फ्रॉक होता, साबणाच्या पाण्याचा मग घेऊन तू दारात बसली होतीस, आठव की. महिनाभरात तिचं रडणं थांबलं. एक दिवस स्वतःच म्हणाली, “आठवलं आक्का. आई पडताना माज्याकडंच बघत हुती.”

आई तर माझ्याकडे बघत होती. आणि लाल फ्रॉक तर मंगीला कधी नव्हताच — तो मी मनाने रचला होता.

मला वाटलं, आता आई तिला दूर लोटेल. आईने तिला कुशीत घेतलं. “कबूल केलंस. गुणाची माजी बाय.” चूक माझी, आणि कूस तिला! मी दारात उभी राहून जळत होते.

पुढे आईच सांगायला लागली, “त्यो लाल फ्रॉक मीच शिवला हुता.” मग हळूहळू मलाही दिसू लागलं — मंगी, फ्रॉक, फेस. आता डोळे मिटले की माझे हात दिसतच नाहीत, तिचेच दिसतात. साबण माझ्या हातात होता, हे स्वतःला बजावावं लागतं.

लग्न होऊन मी नेरूळला गेले. मंगीने नववीतच शाळा सोडली, आईचं सगळं केलं. आई गेली तेव्हा ती पंधराची होती. खोलीत बायका जमलेल्या. मंगी छाती बडवत ओरडली, “मीच पाडली हिला! माज्यामुळं झालं!” बायकांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला याहून कुठली वेळ हवी होती? पण मला काय वाटलं सांगू? शेवटालाही हीच आईची झाली — याचा राग आला.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, “जाऊ दे मंगे. लहान होतीस तू.”