बस्त्यासकट बोलावणं

माझा आवाज तेव्हा चांगला खणखणीत होता, पण दारूगोळ्याच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या त्या पोरींपुढे त्याची काय मातब्बरी! लढाईचं वर्ष. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला, त्यामुळे वर्गात भर दुपारी दिवेलागण. मी शाळेत नवीन, त्यात तात्पुरती. मुख्याध्यापिका आपल्याच, मराठी; सगळ्या त्यांना बडी बहनजी म्हणत. त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "तुमचा वर्ग नुसता सदर बाजार होऊन राहिला. महिन्याभरात गप्प नाही झाला तर मी दुसरी बघीन." घरी यजमान अंथरुणाला खिळलेले, चूल माझ्या पगारावर. वर्ग गप्प व्हायलाच हवा होता.

छडी आपटून झाली, बाकावर उभं करून झालं. शेवटच्या बाकावर एक दोन वेण्यांची कार्टी होती. मी फळ्याकडे वळले की हिचा बाकावर ठेका सुरू. "काहून वाजवून राहिली गं?" म्हटलं की म्हणायची, "बहनजी, उंगलियाँ अपने आप चलती हैं." की वर्ग खो खो हसायचा.

एका दुपारी भूगोलाच्या तासाला कारखान्याचा भोंगा वाजला. पाळी सुटायची ती वेळ नव्हती. मला वाटलं, सराव असेल. पण वर्ग एकदम गप्प. खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. मग अंगावर काटा आला, कारण एकही पोर माझ्याकडे बघत नव्हती. सगळ्या दाराकडे कान लावून बसल्या होत्या.

पहिल्या बाकावरच्या मुलीला मी विचारलं, काय झालं गं? ती कुजबुजली, "बेवक्त भोंपू बजा है, बहनजी. अब चपरासी आएगा. जिसको बस्ते के साथ बुलाएगा..."

वसाहतीची रीत मला तेव्हा कळली. अवेळी भोंगा म्हणजे कारखान्यात अपघात. नुसतं बोलावणं आलं तर काही नाही, कोणी डबा आणला असेल. बस्त्यासकट, म्हणजे दप्तर घेऊन आलं, तर बाप गेला.

व्हरांड्यात चपला वाजू लागल्या. शेजारच्या वर्गापाशी थांबल्या, परत निघाल्या. "बोला गं, कविता म्हणा," असं म्हणायला गेले. तेवढ्यात मागे खुडबुड झाली. ती दोन वेण्यांची पोर पुस्तकं बस्त्यात भरत होती. चपराशी दारात आला तेव्हा ती बस्ता खांद्याला लावून उभी होती, आणि त्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं. नाव तिचंच निघालं. तिला आधी कसं कळलं, कोण जाणे. ते आठवलं की मला आजही भीती वाटते.

त्यानंतर वर्ग गप्पच झाला. काही दिवसांनी बडी बहनजी डोकावल्या आणि म्हणाल्या, "अच्छा, शिस्त छान लावली हो तुम्ही. चलो, आता तुम्ही पक्क्या." मला त्यांचा रागच आला, पण मी मान डोलावली.

तेरावं झाल्यावर ती परत आली. बापाच्या जागी तिच्या थोरल्या भावाला कारखान्यात लावून घेतलं होतं. मी मुद्दाम फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले. काहीच वाजलं नाही. शेवटी मीच तिच्या बाकापाशी गेले, बोटांनी तिचा ठेका धरला आणि म्हटलं, "वाजव गं, मी नाही रागावणार."

तिने माझ्या बोटांवर हात ठेवला.

"चुप रहिए बहनजी," ती म्हणाली. "भैया अभी ड्यूटी पर है."