आप्पांच्या जीपचा एअर क्लीनर

आमच्या भावकीत बी. ई. झालेला पहिला माणूस मी. हे मी अभिमानानं सांगतो, आजही. आजोबा मेंढरांमागं फिरले. वडील, म्हणजे आप्पा, कळप सोडून साखर कारखान्यात ड्रायव्हर झाले, आणि मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन रांजणगावला कंपनीत लागलो. तेव्हा एमआयडीसीत नवी शेडं उभी राहत होती. गळ्यात ओळखपत्र घालून मी कंपनीच्या बसमधून उतरलो की स्टँडवरची माणसं जरा सरकून जागा द्यायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आप्पांचा मान वेगळा होता. आसपासच्या गावांत कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला की आधी आमच्या ओट्यावर यायचा. "आप्पा, दौंडला एक टेम्पो बघितलाय. जरा कान लावा की." आप्पा चौथी शिकलेले. पण आजोबा मेंढराच्या खोकल्यावरून दुखणं ओळखायचे, तसे हे इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचे. त्यांची रीत ठरलेली. गाडीपाशी गेलं की आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा. बॉनेट कोमट लागलं तर समजायचं, मालकानं आपण यायच्या आधीच इंजिन चालू करून ठेवलं होतं, काहीतरी लपवतोय. मग आप्पा म्हणायचे, "आदी चहा पाजा." इंजिन गार होईपर्यंत चहा, तंबाखू, उसाच्या गप्पा. गार इंजिनाचा पहिला आवाज ऐकल्याशिवाय ते हो किंवा नाही बोलत नसत. सौदा झाला की घेणारा त्यांना टोपी घालायचा, हातात नारळ द्यायचा. घरातल्या फळीवर अशा टोप्यांची चळत होती. आई म्हणायची, "येवढ्या टोप्यांस्नी डोकी कुठनं आणायची?"

कारखान्यानं जुन्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा स्वतः चालवलेली डिझेल जीप आप्पांनीच घेतली. तिला ऑइल बाथचा एअर क्लीनर होता. म्हणजे एक काळा डबा. इंजिनाला लागणारी हवा त्यातून जायची. तळाच्या वाटीत तेल असायचं आणि हवेतली धूळ त्या तेलात धरली जायची. दर सोमवारी आप्पा वाटी काढून काळा चिखल ओतून द्यायचे, डिझेलनं धुवायचे, खुणेपर्यंत नवं तेल भरायचे. ऊसतोडणी सुरू झाली की एक दिवसाआड. शिवाय डब्याच्या तोंडाला जुन्या धोतराचं पातळ फडकं बांधायचे, कारण बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांनी पाणंदीच्या मातीचं पीठ करून टाकलेलं असायचं.

मला त्या फडक्याची लाज वाटायची. इंजिनिअरच्या घरची गाडी, आणि बॉनेटखाली धोतर!

कंपनीतल्या एका मित्राच्या गाडीला पुण्याहून आणलेला उघडा फिल्टर होता. लाल, शंकूसारखा, दिसायला झकास. डबा काढायचा आणि तो थेट पाइपावर बसवायचा. जास्त हवा, जास्त ताकद. एका रविवारी मी तसलाच घेऊन आलो.

आप्पांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "आन् धूळ?"

"जाळीत अडकते."

"तुज्या कंपनीतल्या पोराची गाडी डांबरी सडकंवर चालती. आपल्या पाणंदीची धूळ बी अडकल?"

"आप्पा, हे सगळं शास्त्र असतं. तुम्हाला नाही कळायचं."

आई दारात धान्य निवडत होती. तिचा हात थांबला. आप्पांनी पान्हा माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "तू शिकल्याला हायस. बसव."

काढलेला डबा मी त्याच आठवड्यात भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकला. फडक्यासकट.

सुरुवातीला ॲक्सिलरेटर दाबला की फिल्टरमधून असा सूंऽऽ आवाज यायचा, की मला वाटायचं गाडी धावायला आसुसली आहे. नुसता आवाज होता तो. दोन हंगाम गेले. जीप निळा धूर सोडायला लागली, तेल प्यायला लागली, सकाळी ढकलल्याशिवाय चालू होईना. शेवटी ट्रॅक्टरला बांधून दौंडला नेली.

दौंडचा मिस्त्री आप्पांच्या जुन्या ओळखीचा. त्यानं इंजिन खोललं. सिलिंडरच्या आतल्या लायनरवर ओरखडेच ओरखडे होते, नख फिरवलं तरी लागत होते. मग त्यानं तो लाल फिल्टर उचलला आणि टेबलावर आपटला. पिठासारखी माती पडली. गॅरेजमध्ये चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती.

"ही अक्कल कुणाची?" मिस्त्रीनं विचारलं.

मी तिथंच उभा होतो. कंपनीचा शर्ट अंगावर.

"माझी," आप्पा म्हणाले. "म्हटलं, बगावं कायतरी नवीन."

"आप्पा, अवो तुमी? दुनियेच्या गाड्या पारखता आन् सोताच्या जीपला माती चारली व्हय?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "कान गेलं आप्पांचं आता." आप्पाही थोडं हसले. 'मी बसवला' एवढे दोनच शब्द होते, आणि तेवढे माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

परत येताना एसटीत मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही कशाला स्वतःवर घेतलंत?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "तुझी नोकरी नवी हाय. दौंडात समद्या गावची मानसं येत्यात. इंजिनिअरनंच इंजिन खाल्लं म्हनली असती."

गॅरेजमधली गोष्ट गाडीपेक्षा जोरात पळते. महिन्याभरात ती आमच्या गावात आली. ओट्यावर येणारी माणसं हळूहळू कमी झाली, मग थांबलीच. फळीवरच्या टोप्यांवर धूळ बसायला लागली.

इंजिन नवं करून घेतलं आणि मी ठरवलं, आता जीपला तिचा मूळचा डबाच बसवायचा. ते सोपं नव्हतं. शिरूरचं भंगार पालथं घातलं, दौंडचं घातलं. कितीतरी महिन्यांनी तशाच एका मोडीत निघालेल्या जीपचा डबा मिळाला. एका बाजूनं चेपलेला, धरून ठेवणारी पट्टी नसलेला. पट्टीचं ड्रॉइंग काढून मी रांजणगावच्या एका वेल्डरकडं गेलो. "साहब, इतना पुराना माल? नया लगा लो ना," तो म्हणाला. म्हटलं, नया लगाकेही तो फसा हूँ. रबरी पाइप, क्लँप, वाटीचं वायसर, एकेक वस्तू जमवली. रविवारी अंगणात सगळं बसवलं, खुणेपर्यंत तेल भरलं आणि स्टार्टर मारला. सूंऽऽ गेला होता. जुना, दबका, एकसारखा आवाज आला.

आप्पा लांब उभे राहून मान तिरकी करून ऐकत होते. "आता बरं बोलती," म्हणाले. घरात गेले आणि धोतराचं फडकं फाडून घेऊन आले. मी ते बांधलं. वाटलं, झालं, सगळं होतं तसं झालं.

पुढच्याच हंगामात भावकीतले नाना पिकअप घ्यायला निघाले. हातात टोपी आणि नारळ. ओट्यावर येऊन मला म्हणाले, "इंजिनिअर, चल शिरूरला."

"आप्पांना न्या की, नाना."

नानांनी आत बघून आवाज बारीक केला. "आप्पास्नी? त्यांनी सोताच्या जीपची काय गत केली, इसरला व्हय?"

"नाना, तो फिल्टर मी बसवला होता. आप्पांनी नाही. ते नको म्हणत होते."

इतक्या दिवसांनी ते बाहेर पडलं. नानांनी माझ्याकडं पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला. "शाबास. बापाची चूक अंगावर घ्यावी तर अशी. शिकल्याचं चीज झालं."

"नाना, खरंच सांगतो. देवाशप्पथ."

"व्हय, व्हय. तूच बसवला. चल आता, उशीर व्हतोय."

शिरूरला पिकअप धुऊनपुसून दारात उभी होती. मी कागद पाहिले, टायर पाहिले, एअर फिल्टरचं झाकण उघडून पाहिलं. मालकानं चावी फिरवताच इंजिन लगेच चालू झालं. मी म्हणालो, चांगली आहे. नानांनी तिथंच मला टोपी घातली.

संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं.

"बॉनेट गार व्हतं?"

"होतं," मी म्हणालो.

मी बॉनेटला हात लावलाच नव्हता. आप्पांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि आत नेऊन आपल्या टोप्यांच्या चळतीवर ठेवली.