मे महिन्यातली पाहुणी

मी एकदा विहिरीत पाणी ओतलं. काढलं नाही, ओतलं. टँकरनं. टँकरवाला हातात नळी धरून अंगणात उभा राहिला नि म्हणाला, "मावशी, टाकी कुटंय?" मी थाटात विहिरीकडे बोट दाखवलं. त्यानं वाकून आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं.

"ह्या टाकीला तळ न्हाई, मावशी."

"तू ओत," मी म्हटलं.

तेव्हा मी साठीच्या अलीकडे होते. केस काळेभोर होते (पार्लरच्या कृपेनं) आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. हा उद्योग मी एका बाईंसाठी केला होता. मला सांगायचंय ते खरं त्यांच्याबद्दल. माझा गाढवपणा नुसता ताटाच्या डाव्या बाजूला.

बाई पुण्याच्या. लोणावळ्याच्या आसपास कुणाला हॉटेलात किंवा बंगल्यांत पैसे घालायचे असले, की ते आधी यांना पाठवायचे. जागेचे कागद वकील बघायचा, या पाणी बघायच्या. आहे का, टिकेल का, आणि शेजाऱ्याच्या तोंडचं काढून तर आणलेलं नाही ना. गावात सगळे त्यांना पाणीवाल्या मॅडम म्हणत.

कुठंही गेल्या की चपला काढता काढता पहिला प्रश्न, "जरा पाणी मिळेल?" आता तुम्ही म्हणाल, उन्हातून आलेलं माणूस पाणी मागणारच. पण त्यांना तहान नसायची. पाणी माठातून येतं, नळातून येतं, की कपाटामागं लपवलेल्या जारमधून, यावर डोळा असायचा. पेला कसा भरतात त्यावरसुद्धा.

"ज्यांच्याकडे पाणी आहे ते देताना सांडतात," त्या मला पुढं कधीतरी म्हणाल्या. "ज्यांच्याकडे नाही ते पेला बोटभर रिकामा ठेवतात. आणि ज्यांना लपवायचं असतं ते काठोकाठ भरतात आणि वर हसतात."

चार घरी असं पाणी प्यायल्यावर जे व्हायचं ते व्हायचंच. मग दुसरा प्रश्न, "आता बाथरूम?" तीही तपासणीच. फ्लश दाबून टाकी पुन्हा भरेपर्यंत कान लावून उभ्या राहायच्या. मग खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून सांडपाणी कुठं जातं ते बघायच्या. एका बड्या हॉटेलात त्या इतका वेळ आत राहिल्या, की घाबरलेल्या मॅनेजरनं दार वाजवलं. "मॅडम, बरं नाही का वाटत?"

आतून आवाज आला, "मला बरं आहे हो. तुमच्या टाकीला नाहीये."

आणि येणार त्या मे महिन्यातच. पैसेवाले लोक श्रावणात येतात, ढग अंगावरून जातात, डोंगरावर जागोजागी पांढऱ्या धारा लोंबत असतात, आणि भजी खाता खाता ते जागेच्या प्रेमात पडतात. बाई म्हणायच्या, "पावसाळ्यात लोणावळ्याला जागा बघणं म्हणजे लग्नमंडपात सासू बघणं. मे महिन्यात बघा. दुपारची."

आमची कुसगावात थोडी जमीन, मागे डोंगराचा उतार आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या चार खोल्या. मुंबईचे एक शेठ म्हणाले, वीस खोल्या करू, पोहण्याचा तलाव करू, पैसे माझे. मी तर हवेतच. विहीणबाईंना फोन करून तलावाचा रंगसुद्धा सांगून टाकला. आमचे हे शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "अगं, एप्रिलात आपली विहीर घसा खरवडते, त्याचं काय?" मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

मग शेठजींचा निरोप आला: आधी पाणीवाल्या मॅडम येऊन बघतील, त्या हो म्हणाल्या तरच पुढं. आणि मला ही टँकरची युक्ती सुचली. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला दोन टँकर विहिरीत रिकामे केले. विहीर गरोदर बाईसारखी दिसायला लागली. मी समाधानानं झोपले.

सकाळी बाई आल्या. "जरा पाणी मिळेल?" मी पेला काठोकाठ भरला आणि गोड हसले. (पेल्याचं ते शास्त्र तेव्हा मला कुठं माहीत?) त्यांनी घोटभर घेतलं, माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "चला, विहीर बघू."

मी नव्या सुनेला दागिने दाखवावेत तसं त्यांना कठड्यापाशी नेलं. "बघा!" आणि मीही वाकले.

आत पाणी नव्हतं. म्हणजे नेहमीचं मे महिन्यातलं, तळाशी कळशीही बुडणार नाही इतकं. वर मात्र अर्ध्या विहिरीपर्यंत दगड ओलेगच्च. काल रात्री कुणीतरी आंघोळ करून गेल्यासारखे.

बाई त्या ओल्या दगडांकडे बघत होत्या. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, "ते काय झालं, पहाटे जरा..." आणि तेवढ्यात खालच्या अंगाचे आबा आले. आमच्या उताराखाली त्यांचं शेत, तिथं त्यांची विहीर. हातात नारळ, कपाळाला गुलाल.

"मावशी, नारळ घ्या आदी! आमच्या हिरीला पानी आलं की वो! भर मे म्हैन्यात! काल तळ दिसत व्हता, आन् आज सकाळच्याला बगतोय तर पुरुसभर चढलंय! देवीच पावली!"

"कुठली देवी हो आबा?" बाईंनी अगदी भक्तिभावानं विचारलं.

"ते न्हाई ठावं. पर वरल्या अंगानं आली."

बाई कठड्याला धरून खालीच बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्या हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या, पुन्हा माझ्याकडे बघत होत्या, पुन्हा हसत होत्या. मग मीही हसायला लागले, काय करणार? आबा बिचारे नारळ धरून तसेच उभे. त्यांना सांगितलं तेव्हा ते एकदम गंभीर झाले. "म्हंजी ते पानी तुमचं? परत द्याया लागंल व्हय?"

मग पुन्हा हसू, या वेळी तिघंही.

हसू ओसरल्यावर मात्र मी भानावर आले. शेठजी गेले, खोल्या गेल्या, आता विहीणबाईंना काय तोंड दाखवू? मी विचारलं, "आता तुम्ही नाही म्हणून कळवणार ना?"

"वीस खोल्यांना नाही. तलावाला तर नाहीच," त्या म्हणाल्या. "पण विहिरीत ओतायची कल्पना वाईट नाही हो काकू. फक्त ओतायचं काम टँकरला नको, डोंगराला द्या. तो सावकाश ओततो."

त्यांनी शेठजींना आठ खोल्यांवर राजी केलं, आणि आधी मागच्या उतारावर चर खणायला लावले. पावसाचं पाणी गडगडत खाली न जाता चरात बसतं, मुरतं, आणि उन्हाळ्यात विहिरीत झिरपतं. आंघोळीचं पाणी केळींना. आणि आबांना नि आम्हाला समोरासमोर बसवून बजावलं: दोन विहिरी असल्या तरी खालून पोट एकच आहे, कुणीही मोठी मोटर बसवायची नाही. आठवडाभर मी बाईंना मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग कुदळ घेतली. म्हणजे, यांच्या हातात दिली.

विहीर एका वर्षात सुधारली नाही. पहिल्या मेमध्ये थोडं, दुसऱ्यात बरं. बाईंचं काम खरं तर संपलं होतं, तरी दर मेला येऊन जायच्या. पाणी, बाथरूम, विहीर, मग आंबा. त्या दिसल्या की आबा खालून ओरडायचे, "मॅडम, औंदा मावशीला दोन टँकर जास्त वताया सांगा!"

या वर्षी बाई आल्या नाहीत. शेठजींनी नवीन साहेब पाठवला. चांगला मुलगा. मी पेला पुढं केला तर म्हणाला, "नको आजी, माझी बाटली आहे." विहिरीचा फोटो काढला आणि गेला. बाथरूमसुद्धा विचारलं नाही. मला उगाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

बाई शेवटच्या आल्या त्या गेल्या वर्षी, लेकीचा हात धरून. मूत्रपिंडाचं दुखणं. ज्या बाईनं सगळ्या मावळाचं पाणी पिऊन बघितलं, तिला आता डॉक्टर पाणी मोजून देतात. तरी चपला काढता काढता त्यांनी विचारलंच, "जरा पाणी मिळेल?" लेक घाबरली. "आई!"

"प्यायचं नाहीये गं. बघायचंय."

मी विहिरीवर गेले. भर मे महिन्यात दोर चार हात सोडला तोच बादली बुडाली. पेला भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. मला हसू आवरत नव्हतं. त्यांनी पेला डोळ्यांसमोर धरला, उजेडात फिरवला, ओठांना नुसता लावला. मग माझ्याकडे बघितलं, त्या पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच, आणि म्हणाल्या,

"काठोकाठ भरलाय, आणि वर हसताय. खरं सांगा काकू, टँकर कधी येऊन गेला?"